लोखंड गाळणाऱ्यांच्या गावी

मैत्रिणींनो, नागपूर हे माझं माहेर. लग्नाला चौदा वर्षं झाली. दर दिवाळीला मी माहेरी जाते आणि दर वेळी तेच करते. आईच्या हातचं खायचं, दुपारी ताणून द्यायची, सीताबर्डीवर एक फेरी मारायची आणि येताना संत्र्याची बर्फी बांधून घेऊन वाकडला परत यायचं. ह्या दिवाळीत मात्र मी माहेरी जाऊन एक दफनभूमी बघून आले. आणि तीही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी! आई म्हणालीच, "सणावारी हे काय खूळ?" तुम्हीही तेच म्हणाल. पण थोडं ऐकून घ्या.

वाकडच्या एका शाळेत मी आठवड्यातले तीन दिवस इतिहास-भूगोल शिकवते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील हिंजवडीला संगणकापुढे बसतात आणि उरलेल्या निम्म्यांचे भोसरी, चाकण, तळवड्याला कुठल्या ना कुठल्या कंपनीत लोखंडाशी झुंजत असतात. सहावीच्या एका मुलानं मधेच उठून विचारलं, "मिस, लोखंड पहिल्यांदा कुणी काढलं?" मी "उद्या सांगते" म्हटलं. शिक्षकाचं हे ठरलेलं उत्तर तुम्हाला माहीतच आहे! पण घरी आल्यावर आठवलं, बी.ए.ला इतिहास होता तेव्हा 'महापाषाण संस्कृती' म्हणून एक टीप यायची. चार गुणांची. त्यात विदर्भातल्या दगडी वर्तुळांचा उल्लेख असायचा. मोठमोठे दगड गोलाकार मांडायचे, मधे खड्डा, खड्ड्यात मेलेल्या माणसाची हाडं, मडकी आणि लोखंडी हत्यारं. परीक्षेत मी ती टीप लिहिली आणि चार पैकी तीन गुण मिळवून विसरून गेले. माहेरपासून दहा-बारा किलोमीटरवर ही वर्तुळं आहेत आणि मी ती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

आणखी एक कारण होतं. ते सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातलं गाव सोडून इकडे आले. तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने झपाट्यानं वाढत होते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत झाली, टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान फौंड्र्या भोसरीत उभ्या राहिल्या. अशाच एका फौंड्रीत अण्णा साचे करायला लागले. चौतीस वर्षं तेच काम. पेटीत वाळू भरायची, ठोकून बसवायची, नमुना अलगद उचलायचा आणि आतली कड थापीनं गुळगुळीत करायची. मग भट्टीतला तांबडा-पिवळा रस पळीतून साच्यात ओतायचा. त्यांच्या दोन्ही हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतःची थापी घरी आणली. वीतभर लांबीची, पातं झिजून पानासारखं पातळ झालेलं.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांना न्यायच्या वेळी सासूबाईंनी ती थापी फडक्यात गुंडाळून आणली आणि म्हणाल्या, "ही त्यांच्यासंगं जाऊ द्या." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विद्युतदाहिनीत लोखंड कसं चालेल? शेवटी मीच पुढे झाले. "आई, असं कुठं असतं का?" म्हटलं, त्यांच्या हातातून थापी घेतली आणि कपाटात ठेवून दिली. त्या काही बोलल्या नाहीत. अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडल्या, तेरावा झाला, सगळं रीतसर झालं. पण मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली, ते माझ्या मनातून जात नव्हतं.

तर, माझ्या भावानं मोटरसायकल काढली. काटोल रस्त्यानं गोरेवाड्याच्या पुढे गेलं की जुनापाणीचा परिसर लागतो. मला वाटलं होतं, काहीतरी भव्य असेल. दिसलं काय, तर माळ. पळसाची, बोरीची झुडपं, वाळत चाललेलं गवत आणि गवतात बसलेल्या म्हशींसारखे काळे दगड. भाऊ म्हणाला, "ताई, एवढ्यासाठी आलो?" पण पाच मिनिटं एका जागी उभं राहिल्यावर नजर बसायला लागते. हा दगड, त्याच्यापुढे तो, त्याच्यापुढे तो... आणि एकदम गोल जुळतो! आपण एका वर्तुळाच्या आतच उभे आहोत, हे कळल्यावर मी पटकन बाहेर आले. चपला घालून कुणाच्या तरी डोक्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. मग बघते तर पलीकडे दुसरं वर्तुळ, त्याच्या मागे तिसरं. एकट्या जुनापाणीला अशी तीनेकशे वर्तुळं नोंदलेली आहेत. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची.

काही दगडांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीनं कोरलेले आहेत. बोट घालून बघितलं तर अगदी सागरगोटे खेळायच्या खळीएवढे. त्यांचा अर्थ काय, ह्यावर पंडितांचं एकमत नाही; काहींना त्यांत दिशा आणि सूर्याची जागा दिसते.

ह्या वर्तुळांकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज साहेबाचं. मजा म्हणजे हा काही पुराणवस्तूंचा अधिकारी नव्हता. मध्य प्रांतातल्या कापसाची देखरेख त्याच्याकडे होती. कापूस बघत हिंडता हिंडता त्यानं वर्तुळं उकरली आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. जुनापाणीच्या कुऱ्हाडी, कट्यारी, छिन्न्या, बांगड्या, घोड्याचे लगाम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नागपूरच्या पोरीनं त्या बघायला लंडनला जायचं! असो. स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या सुमाराला पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथं शास्त्रशुद्ध खोदकाम केलं. आणि मग आले नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव. त्यांनी १९६८ पासून पुढे टाकळघाट-खापा आणि माहूरझरी अशी एकामागून एक ठिकाणं खणून काढली.

माहूरझरी जुनापाणीपासून फार लांब नाही. तिथल्या एका वर्तुळात माणसाबरोबर घोडा पुरलेला सापडला. घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. गावात मणी घडवायचा धंदाही होता, अकीक आणि तांबड्या कार्नेलियनचे मणी. टाकळघाट नागपूरच्या दक्षिणेला बुटीबोरीजवळ आहे. बुटीबोरी म्हणजे आज विदर्भातली मोठी औद्योगिक वसाहत. म्हणजे बघा, लोखंड बनवणारे तेव्हाही तिथंच आणि आताही तिथंच!

मैत्रिणींनो, ह्या थडग्यांत काय काय सापडलं त्याची यादी वाचताना मला सारखं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. तलवारी-भाल्यांची अपेक्षा होती, आणि भाल्याची पाती, बाणांची टोकं, कट्यारी आहेतच. पण त्यांच्याबरोबर लाकूड फोडायच्या कुऱ्हाडी, सुताराच्या छिन्न्या, शेतातली कुदळी, मासे धरायचे गळ, लोखंडी पळ्या आणि चक्क नखं काढायच्या नराण्या. तांब्याच्या झाकणांवर मुठीच्या जागी पक्षी बसवलेले. काळी-तांबडी मडकी. एखादी बाई परगावी निघालेल्या नवऱ्याची पेटी भरताना "नखं काढायचं घेतलंत ना?" म्हणून विचारते, तसंच कुणीतरी ते आठवणीनं ठेवलं असणार.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच वर्तुळांत अख्खा देह पुरलेला नाही. देहाचं मांस गेल्यावर निवडक हाडं गोळा करून आणायची आणि ती वस्तूंबरोबर पुरायची, अशी रीत होती. एका वर्तुळात दोन-तीन माणसांचीही हाडं सापडतात. त्यावर काळी चिकट माती, गोटे यांचा थर, आणि भोवती एवढाले काळे दगड. अस्थी वेचून आणायच्या ही आपली रीत मी अण्णांच्या वेळी दारातून बघितली होती. म्हणून असेल, पण ह्या लोकांचं वागणं मला परकं वाटलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही नायकुंडला गेलो. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. जबलपूर रस्त्यानं कामठी, कन्हान सोडून पारशिवनीकडे वळायचं. पेंच नदीच्या काठी हे गाव आहे. नागपूरपासून साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. हा सगळा मुलूखच खाणींचा. कन्हानच्या आजूबाजूला कोळसा निघतो. रामटेकच्या अलीकडे मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. एकोणिसावं शतक संपता संपता इंग्रज कंपन्यांनी ह्या भागात मँगनीज काढायला सुरुवात केली आणि १९६२ पासून सरकारी कंपनी ते काम करते. मँगनीज लागतं पोलाद बनवायला. रस्त्यानं आपण कोळशाचे ट्रक चुकवत जातो आणि पोचतो कुठं, तर तीन हजार वर्षांपूर्वी ह्याच मातीतून लोखंड काढणाऱ्यांच्या दारात.

नायकुंडला १९७८ ते ८० मध्ये डेक्कन कॉलेज आणि राज्याचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून उत्खनन केलं. डॉ. देव तोवर पुण्याला डेक्कन कॉलेजात आले होते, खात्याकडून डॉ. अ. प्र. जामखेडकर होते. इथं दफनाच्या वर्तुळांबरोबर ती माणसं राहत होती ती वस्तीही सापडली. हे विशेष, कारण विदर्भात थडगी भरपूर आणि घरं थोडी अशी स्थिती आहे. आणि त्या वस्तीत सापडली लोखंड गाळायची भट्टी. इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या सुमाराची. आपल्या परातीएवढी, मातीच्या वळणदार विटांनी बांधलेली. भात्याचा वारा आत सोडायच्या मातीच्या नळ्या आणि जळून उरलेलं लोहकीट तिथंच पडलेलं.

एवढ्याशा भट्टीत लोखंड कसं निघायचं? मी फौंड्रीवाल्याची सून असले तरी मला ते कळत नव्हतं. वाचून समजलं ते असं. लोखंड वितळायला १५३८ अंश उष्णता लागते. मातीच्या भट्टीत लोणारी कोळसा घालून कितीही भाता मारला तरी एवढी उष्णता येत नाही. म्हणून तेव्हाचं लोखंड कधी वितळायचंच नाही. जमिनीच्या वरच्या थरातून वेचलेला-खणलेला लोहदगड फोडून कोळशाच्या थरांत घालायचा आणि तासन्‌तास वारा द्यायचा. दगडातला बाकीचा भाग पातळ होऊन कीट म्हणून सुटतो आणि आत स्पंजासारखा एक लोखंडाचा गोळा जमतो. ताक घुसळताना लोणी जसं गोळा होतं तसा. मग आपण लोण्याचा गोळा थापटून थापटून त्यातलं ताक काढतो की नाही? तसा तो लालभडक गोळा ठोकून ठोकून त्यातलं कीट काढायचं. उरतं ते लोखंड. आगारिया लोक मध्य प्रदेशात अगदी अलीकडच्या काळापर्यंत असंच लोखंड काढत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे.

म्हणजे एका कुऱ्हाडीमागे किती दगड, किती लाकडांचा कोळसा आणि किती माणसांचे किती तास! एवढ्या कष्टाची वस्तू ही माणसं मेलेल्याबरोबर पुरून टाकत. ती तापवून, ठोकून दुसऱ्याला वापरता आली असती. ज्यांना लोखंडाची किंमत सर्वांत जास्त ठाऊक होती त्यांनीच ते दिलं. मला तिथं उभं राहून कपाटातली ती थापी दिसत होती.

शेतात एकजण बैल घेऊन चालला होता. आम्हाला बघून थांबला. "काय पाहून राहिले जी?"

मी म्हटलं, "हे दगड बघतोय. जुनी थडगी आहेत ना ही?"

"हाव. आमच्या आज्याच्याही आंधीची हायेत. आजा म्हणे, गवळ्याइची हायेत म्हणून." मग जरा थांबून म्हणाला, "तिकडं अजून होते. मुरूम नेला तं गेले."

मुरूम नेला तं गेले. एवढंच. नागपूरभोवती हे सगळीकडे चाललं आहे. जुनापाणीसारखी बरीच ठिकाणं सरकारनं संरक्षित केली आहेत, फलकही आहेत. पण वर्तुळं पसरलीत मैलोन्‌मैल. कुठं मुरमाची खाण, कुठं रस्त्याचं रुंदीकरण, कुठं ले-आउट पाडलेला. शेतकरी नांगराला आड येतो म्हणून दगड बांधावर सरकवतो, आणि त्याला तरी काय म्हणायचं? भाऊ म्हणाला, "घरं बांधायला नकोत का मग?" त्याचं घर अशाच एका ले-आउटमध्ये आहे, म्हणून मी गप्प बसले. आणि माझं तरी काय वेगळं आहे? वाकड १९९७ साली महापालिकेत गेलं. त्याच्या आधी मुळेकाठी शेतं होती. आता म्हातोबाच्या देवळाभोवतीचं जुनं गाव तेवढं शोधून काढावं लागतं. आमची अकरा मजली इमारत कुणाच्या तरी शेतातच उभी आहे. अण्णा जिथं चौतीस वर्षं राबले ती फौंड्रीही बंद पडली. त्या जागेवर आता फ्लॅट आहेत, खाली पोहण्याचा तलाव आहे. ज्या जागी भट्टी होती तिथं पाणी!

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळी ते फेब्रुवारी एवढेच दिवस बरे. नागपूरच्या उन्हाळ्याच्या वाटेला जाऊ नका. जुनापाणी सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना बघा; तिरप्या उन्हात दगडांच्या सावल्या पडतात आणि वर्तुळं चटकन ओळखू येतात. दुपारी बारा वाजता नुसते दगड दिसतील आणि नवरा चिडेल. पायात बूट हवेत, गवतात कुसळं फार. पाणी आणि डबा घरून न्या, तिथं चहाची टपरीही नाही. आणि कृपा करून दगडांवर नावं लिहू नका, मुलांना एखादा खापराचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू देऊ नका. मुलांना गोष्ट आधी सांगून नेलीत तर ती कंटाळत नाहीत. माझ्या धाकटीनं तर एका वर्तुळाचे दगड दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. ज्यांना एवढं लांब जाणं होणार नाही त्यांनी पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं. वेळ मात्र आधी विचारून घ्या.

वाकडला परतल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. कणीक मळता मळता सांगितलं, कारण समोर बसून सांगायचा धीर नव्हता. घोडा सांगितला, मणी सांगितले, भट्टी सांगितली. मग कुऱ्हाडी आणि पळ्या सांगितल्या. त्या लसूण सोलत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी असं असतंय की."

"हो आई. असतं. माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? त्या दाहिनीत लोखंड घालू देत न्हाईत." आणि लसणाच्या पाकळ्या मोजायला लागल्या.

पुढच्या शनिवारी त्यांना डेक्कन कॉलेजला घेऊन गेले. पायऱ्या चढताना गुडघे धरत होत्या, पण आल्या. काचेपलीकडच्या लोखंडी हत्यारांपाशी मी त्यांना उभं केलं. तपकिरी, पोपडे सुटलेलं, वाकडंतिकडं लोखंड. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी चष्मा लावला, काचेजवळ वाकून नीट बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुरताना तेल लावलं न्हवतं वाटतं कुणी."

घरी आल्याबरोबर त्यांनी कपाटातून थापी काढून मागितली. शिलाई मशीनच्या तेलाची बाटली मी त्यांना दिली. आता दर अमावास्येला त्या तिला तेल लावतात आणि पुन्हा फडक्यात गुंडाळतात. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आहे, असं त्यांनी मला सांगून ठेवलं आहे.